चंपाच्या गोष्टीचा शेवट

तेरच्या जैनबबीला गोष्ट सांगायचा कंटाळा आला होता. हे ती कुणाला बोलली नाही. बोलणार तरी कुणाला? गावात तिची ओळखच ती. गोधडी शिवावी जैनबबीनं आणि गोष्ट सांगावी तीही जैनबबीनंच, असं बाया म्हणायच्या. पन्नाशी आली, गुडघे बोलायला लागले, सुईत दोरा ओवायला दुसऱ्याचे डोळे लागायला लागले, तरी दुपारची जेवणं आटोपली की तिच्या लिंबाखाली पोरी जमायच्याच.

त्यात जर्मनीच्या लढाईनं कापड कंट्रोलवर गेलेलं. नवं लुगडं तहसिलात कुणाची ओळख असल्याशिवाय दिसत नव्हतं. मग लोकांनी जुनेर काढलं, फाटकी धोतरं काढली, आणि गोधड्यांना दिवस आले. "लढाई तिकडं चाललीय अन् बोटं माझी फुटायलीत," असं जैनबबी म्हणायची आणि पुढचा टाका घालायची.

तिची एक रीत होती. गोधडी अंगणात पसरायची. चार कोपऱ्यांना चार पोरी बसायच्या आणि कडेकडेनं धावदोरा घालत आत आत सरकायच्या. चौघी मधोमध भेटल्या की गोधडी पुरी. पहिल्या टाक्याला गोष्ट सुरू करायची आणि मधल्या शेवटच्या टाक्याला संपवायची. अर्धी गोष्ट अंगावर घेऊन कुणी झोपू नये, जीव घुसमटतो, असं तिची सासू सांगून गेली होती. बत्तीस वर्षांत जैनबबीनं एक गोधडी अर्ध्या गोष्टीवर बंद केली नव्हती.

गोष्टी तिला बऱ्याच येत, पण लग्नाला आलेल्या पोरीच्या गोधडीला चंपाचीच गोष्ट लागे. चंपा ही एक मोठी नखरेल सून. तोंडानं फटकळ, बांगड्यांची हौस अशी की कासाराची हाक आली की चुलीवरचं दूध उतू गेलं तरी भान नाही. एक दिवस अशीच ती चुलीतला विस्तव परसात तसाच टाकून कासारामागं पळाली. वारा सुटला, विस्तव उडाला, कडब्याची गंज पेटली, शेजारी बांधलेली कालवड जळून गेली. घरचे धावून आले. "कुणी केलं?" चंपानं बोट उचललं आणि आपल्या लहान नणंदेकडं केलं. तेच बोट आधी दगड झालं. मग हात, मग खांदा, मग अख्खी चंपा. "आपल्या नदीत धोब्याच्या घाटाजवळ काळा दगड हाय न्हवं? तीच ती. रोज धुणी आपटत्यात तिच्यावर. रोज मार खाती," एवढं म्हणून जैनबबी दोरा तोडायची. पोरींच्या अंगावर काटा यायचा. घरोघरच्या आयांना हा शेवट फार आवडायचा. पोरगी सासरी जाण्याआधी कानाला खडा लावून जायची, आणखी काय पाहिजे?

तर एक दिवस सकाळीच बलभीमाची बायको कस्तुराबाई आली. डोक्यावरचा पदर नीट नव्हता. येऊन ओट्यावर बसली.

"जैनबबी, माझी कमल तुमच्या गोधडीवर बसवून घ्या," ती म्हणाली.

जैनबबीच्या हातातली कात्री थांबली. कमलचं नाव तेव्हा गावात कुणी मोठ्यानं घेत नव्हतं. सतरा वर्षांची पोर, दीड वर्षापूर्वी ढोकीला दिली होती. तिथं तिची थोरली जाऊ तुळजाबाई सगळ्यांची लाडकी. कमलला ते सोसलं नाही. एक दिवस तिनं उठवून दिलं की जाऊबाई विहिरीवर परक्या माणसाशी बोलताना म्या डोळ्यांनी बघितली. झालं. तुळजाबाईला अंगावरच्या लेकरासकट माहेरी हाकलली. दोन महिने ती तिथं पडून राहिली. दूध आटलं, लेकरू वाळून कोळ झालं, वाचलं एवढंच. मग कमलच एक दिवस सासूपुढं रडत बोलली की म्या खोटं बोलले. तुळजाबाई परत आली आणि कमलची रवानगी तेरला झाली.

"जेवती का?" जैनबबीनं विचारलं.

"कुठलं जेवण! दोन महिने झाले, तोंडानं भाकर मागितली न्हाय तिनं. म्या कोंबते तेवढे दोन घास. तिचा बाप बोलत न्हाय तिच्याशी. अन् ती..." कस्तुराबाईनं डोळ्याला पदर लावला. "ती रोज नदीवर जाऊन बसती. तुमच्या चंपाच्या दगडाशेजारी. काल म्या हाताला धरून ओढली तर म्हणती कशी, आई, मी कवा हुईन गं दगड? बोटाकडं बघत बसती, जैनबबी. पाण्यात पाय सोडून. अन् पाणी तिथं खोल हाय."

 कमल तिच्याच लिंबाखाली वाढलेली. आठ वर्षांची असल्यापासून गोधडीवर बसायची, आणि चंपाची गोष्ट तिनं किती वेळा ऐकली असेल त्याला गणती नाही.

"दुपारी धाडून दे," जैनबबी म्हणाली. दुसरं काय बोलणार?

त्या वेळी गोधडी चालली होती ती सायराची. खाजामियाँ, म्हणजे जैनबबीचा वारलेला नवरा, त्याच्या दोस्ताची ही पोर. पंधरा दिवसांवर लग्न. कोपऱ्यांना स्वतः सायरा, शेजारची नागू आणि जैनबबी. चौथा कोपरा रिकामा होता. कमल आली आणि फाटकापाशीच उभी राहिली. गालांची हाडं वर आलेली, डोळे आत गेलेले. नागूनं आपलं बसायचं पटकूर ओढून घेतलं आणि ती दोन वीत पलीकडं सरकली.

"काय गं, विंचू बघितलास का?" जैनबबी खेकसली. "सरक जागेवर. कोपरा सोडला तर गोधडी वाकडी हुती."

"आमची आय म्हणती..."

"तुझी आय इथं शिवायला बसली न्हाय. बस."

नागू फुरंगटून बसली. कमलनं चौथा कोपरा धरला. हात मात्र शिकलेला होता, टाका कसा ज्वारीच्या दाण्याएवढा. जैनबबीनं घसा खाकरला आणि तीन भावांची गोष्ट सुरू करायला तोंड उघडलं.

"चंपाची सांगा, खाला," कमल म्हणाली. दोन महिन्यांत तिनं कुणाकडं काही मागितलं असेल तर ते हे.

 सायरानं टाळी वाजवली, "व्हय व्हय, माझ्या लग्नाला चंपाच पायजे." आता मागं फिरता येईना. जैनबबीनं सुरू केली. तीन दुपारी तिनं ती गोष्ट लांबवली. कासाराच्या बांगड्यांचे रंग सांगितले, चंपाच्या माहेरच्या म्हशी सांगितल्या, नको ते सगळं सांगितलं, आणि गोधडी आपली आत आत सरकत राहिली. टाक्यांना काय, त्यांना थांबायचं ठाऊक नसतं. चौथ्या दुपारी चौघींचे हात मधोमध एकमेकींना लागायला लागले, कालवड जळून झाली, आणि चंपानं बोट उचललं. जैनबबी सुईचं नेढं डोळ्याजवळ धरून दोरा ओवायला लागली.

"मग दगड झाली," कमलनं खाली मान घालून पुरं केलं. आवाजात काही नव्हतं. दळण आणायला चाललेय असं सांगावं तसं बोलली ती.

"थांब की," सायरा म्हणाली. सायराचं मन मऊ, आणि लग्न तोंडावर असल्यामुळं जास्तच मऊ झालेलं. "खाला, ह्या वेळेला तिला दगड नका करू. असं करा, नणंद विहिरीत पडती, चंपा उडी टाकून तिला वाचवती अन् आपण मरती. मग समदे रडत्यात अन् तिला माफ करत्यात."

"वा गं वा!" जैनबबीला एकदम रागच आला. कुणाचा आला ते तिलाही कळेना. "म्हंजे मेल्याबिगर माफी न्हाय? जित्या बाईला घरात ठिवायला जागा न्हाय अन् मेलेलीला हार घालायचे?"

सायरा गोरीमोरी झाली. मग नागू, जी तीन दिवस तोंड फुगवून बसली होती, ती बोलली. "त्या तीन भावांच्या गोष्टीत धाकटा भाऊ चोरी करतो न्हवं, खाला? बापाची पेटी फोडतो. त्याला तर बारा वर्सं रानात धाडता तुमी, अन् परत आला की हत्ती त्याच्या गळ्यात माळ घालतो. चंपानं तर बांगड्याच बघितल्या अन् एक डाव खोटं बोलली. भावाला राज्य, अन् तिला धुण्याचा दगड. असं कामून?"

कामून? बत्तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. जैनबबीनं गोधडीवर हात टेकला. तिला एकाएकी फार दमल्यासारखं झालं. गोष्टीचा कंटाळा कशाचा होता ते तिला आता उमगलं. ती गोष्ट सांगत नव्हती, बत्तीस वर्षं लपत होती. स्वतःला शिक्षा करून घेतली होती, तीही दुसरीच्या नावानं, आणि त्या शिक्षेची भीती घातली होती परक्यांच्या लेकींना. समोर कमल बसली होती. उजव्या हाताचं बोट मुठीत झाकून.

"चंपा दगड झाली न्हाय," जैनबबी म्हणाली. "काय सुदिक झालं न्हाय तिला. दुसऱ्या दिवशी उठून पाणी भरलं तिनं, भाकरी थापल्या, जेवली. नणंद तेरा वर्साची हुती. तिची सोयरीक ठरलेली, ती मोडली. आग लावणारी पोरगी कोण करून घेणार? मग तीन लेकरांच्या बापाच्या पदरात घातली, त्याची दाढी पिकलेली. वाजंत्री न्हाय, काय न्हाय. अन् चंपा दारात हुबी राहून बघत हुती. तवा बोलली असती तर झालं असतं. न्हाय बोलली. नवरा मरोस्तोर न्हाय बोलली. लोकांच्या गोधड्या शिवत बसली."

पोरींच्या सुया थांबल्या.  सायरानं आधी जैनबबीच्या तोंडाकडं बघितलं, मग तिच्या हातांकडं.

"या अल्ला! खाला, तुमी?" ती म्हणाली.

"मी."

कमलनं मान वर केली. किती दिवसांनी तिनं कुणाच्या डोळ्याला डोळा दिला होता. "ती नणंद जिती हाय का?"

"सकिना. हाय. तामलवाडीला असती."

"मग गोष्ट संपली कुठं?" असं म्हणून कमलनं सुई गोधडीत तशीच टोचून ठेवली आणि हात मांडीवर घेतले. बाकीच्यांनीही टोचल्या. मधोमध चार बोटं जागा राहिली होती, ती राहिली.

सायराच्या आईनं येऊन आरडाओरडा केला. लग्न तोंडावर आणि गोधडी उघडी, हे काय चाललंय?  जैनबबीनं सरळ बलभीमाचं घर गाठलं आणि त्याला म्हणाली, "मला धाराशिवपतूर गाडीनं सोड. पुढं मोटारीनं जाते. कमलला बरोबर न्हेते, माझ्यानं एकटीनं जाणं व्हायचं न्हाय." हे खरंच होतं. गुडघे तर होतेच, पण त्याहून भीती जास्त होती. बलभीम लेकीकडं न बघता गोठ्यात गेला आणि बैल सोडून आणले.

सोलापूरच्या मोटारीत धुळीनं दोघींची तोंडं भरली. तामलवाडीला उतरल्यावर विचारत विचारत घर सापडलं. अंगणात एक धिप्पाड बाई शेंगांच्या ढिगापाशी बसून शेंगा फोडत होती. बियाणाच्या होत्या, म्हणून दाणा न दाणा हातानं काढायचा. केस पांढरे झाले होते, पण मान तशीच एका बाजूला कललेली. जैनबबीनं ती लगेच ओळखली.

सकिनाबीनंही ओळखलं. उठली मात्र नाही. भाबी म्हणाली नाही, पाणीही विचारलं नाही.

जैनबबी उन्हातच उभी राहिली. वाटेत तिनं काय काय बोलायचं ते जुळवलं होतं. वाटेत कसलं, अर्धं आयुष्य जुळवलं होतं म्हणा. त्यातलं एक अक्षर आठवेना. "सकिना, गंज म्या जाळली हुती. नाव तुझं घेतलं," एवढंच निघालं.

"मला ठावं हाय," सकिनाबी म्हणाली आणि एक शेंग फोडली. "म्या बघितलं हुतं तुला. कासारापाशी. हिरव्या बांगड्या भरत हुतीस."

"मग बोलली कामून न्हाईस?"

"कुणी इचारलं मला? एक माणूस आलं का, की सकिना, तू केलंस का गं? बोट केलंस तू अन् समद्यांनी मलाच बघितलं. तेरा वर्साची हुते. मग मलाबी वाटाय लागलं, माझ्याच हातनं झालं आसल."

जैनबबीला रडू कोसळलं. ती खालीच बसली, मातीत. "मला माफ कर," ती म्हणाली.

 सकिनाबीच्या हातातल्या शेंगा फुटत राहिल्या. कमल दोघींकडं आळीपाळीनं बघत होती. तिचा सगळा जीव त्या एका शब्दावर टांगला होता.

"न्हाय," सकिनाबी म्हणाली. "म्हाताऱ्याचं केलं, त्याच्या पोरांचं केलं, आता त्यांच्या पोरांचं करते. तुझ्यासाठी माफी कुठून आणू? न्हाय माझ्यापाशी." मग तिनं शेंगांचं एक सूप भरलं आणि दोघींच्या मध्ये सरकवलं. "आलीस तशी हात लाव. पेरणी तोंडावर आलीय. तुझ्यासंगची ती पोर कोण? तिला म्हणावं तूबी बस."

तिघी मोटारीची वेळ होईपर्यंत शेंगा फोडत बसल्या.  एकदा सकिनाबीनं विचारलं, अंगणातला लिंब आहे का अजून, आणि जैनबबी म्हणाली, हाय. निघताना सकिनाबी आत गेली, बाहेर आली आणि दाराला टेकून म्हणाली, "अजून दोन पोती राहिल्यात. पुढल्या जुम्म्याला येशील का?"

"येते," जैनबबी म्हणाली.

बलभीम धाराशिवलाच थांबला होता. परतीच्या वाटेवर त्याची गाडी तेरच्या वेशीपाशी आली तेव्हा कमल बापाला म्हणाली, "आबा, मला ढोकीला सोडा." बलभीमानं बैल थांबवले. दोन महिन्यांत पहिल्यांदा तो लेकीशी बोलला. "घेत न्हाईत ती लोकं तुला घरात," तो म्हणाला. "नगं घेऊ देत," कमल म्हणाली. जैनबबी उतरून लंगडत घरी गेली आणि गाडी ढोकीच्या वाटेला लागली.

बलभीम तिला ढोकीला सोडून आला, पण पुढं तीन दिवस कमलची काही खबर नव्हती. कस्तुराबाईचा जीव खालीवर होत होता, आणि खरं सांगायचं तर जैनबबीचाही. ती दोनदा कामाचं निमित्त काढून नदीपर्यंत जाऊन आली. दगड होता, पाणी होतं, शेजारी कुणी नव्हतं. 

चौथ्या दुपारी सायराच्या आईनं आणखी थांबायला साफ नकार दिला. तिघी उघड्या गोधडीभोवती बसल्या. कमलची सुई टोचलेली तशीच उभी होती.

"मग चंपाला माफी मिळाली का, खाला?" सायरानं विचारलं.

"न्हाय. शेंगा फोडायला बोलावलंय. जुम्म्याला जायचंय मला, लवकर शिवा."

"म्हंजे गोष्ट संपलीच न्हाय! अन् मी अर्धी गोष्ट घेऊन सासरी जाऊ व्हय?"

"जा," जैनबबी म्हणाली. "समद्याच जातात."

सायराचे डोळे भरून आले, का ते तिलाही सांगता आलं नसतं. एवढ्यात फाटकाची कडी वाजली. कमल होती. पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेले, पदर कमरेला खोचलेला, चेहरा उन्हानं रापलेला. ढोकीहून चालत आली होती. ती न बोलता आपल्या कोपऱ्यावर येऊन बसली. नागूनं पटकूर ओढलं नाही. उलट पाण्याचा तांब्या पुढं केला.

"भेटली का जाऊ?" जैनबबीनं विचारलं. 

"दार उघडलं न्हाय तिनं. पारावर बसून राहिले तीन दिवस. रातीला तिथल्या चुलत्याकडं पडत हुते. आज सकाळी बाहीर आली, लेकरू कडंवर हुतं. माझ्याकडं बघितलं अन् थुंकून आत गेली." कमलनं सुई उपसली, दोरा दातानं ओला केला. "लेकरानं बाळसं धरलंय. मी परवा परत जाणार हाय."

तिनं एक टाका घातला, दुसरा घातला. मग थांबली आणि चुलीच्या बाजूला बघून म्हणाली, "खाला, लई भूक लागलीय. भाकर हाय का?"

जैनबबी उठली. गुडघे कळवळले, पण ती भिंतीला धरून चुलीपाशी गेली आणि टोपल्यात होत्या तेवढ्या सगळ्या भाकरी घेऊन आली.